वाचकांचे प्रश्न : कार्ड अनेक, क्रियापदे एक

गेल्या अंकातील डेटा सेंटरच्या जाळ्यांवरील लेखानंतर बरीच पत्रे आली. त्यांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील असे पाच प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात संगणकशास्त्र शिकवतो. आपल्या लेखात ‘ओपनफॅब्रिक्स अलायन्स’ या, वेगवान जाळ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संघटनेचा एका ओळीत उल्लेख होता. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्या एकत्र बसून सॉफ्टवेअर लिहितात आणि ते सर्वांना मोफत देतात, यात त्यांचा स्वार्थ काय?
— एक अध्यापक, सांगली

उत्तर : स्वार्थ आहेच, आणि तो समजून घेण्यासाठी या संघटनेच्या जन्माआधीची स्थिती पाहावी लागेल. इन्फिनिबँड या वेगवान जाळ्याचे पहिले मानक २००० साली प्रसिद्ध झाले. संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाला कोणकोणत्या क्रिया करता आल्या पाहिजेत, म्हणजे रांग तयार करणे, मेमरी नोंदवणे, निरोप पाठवणे, काम पुरे झाल्याची पावती पाहणे, हे त्या मानकाने काटेकोरपणे लिहून ठेवले आणि या क्रियांना नावही ‘व्हर्ब्ज’, म्हणजे क्रियापदे, असेच दिले. मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती कोणत्या फंक्शनच्या रूपात लिहायची, हे मानकाने मुद्दाम मोकळे सोडले. आपल्या व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर धातू दिले, पण ते चालवून दाखवले नाहीत. साहजिकच प्रत्येक कंपनीने ते आपापल्या परीने चालवले. एका कंपनीच्या कार्डासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीच्या कार्डावर चालेना, आणि एकाच कामासाठी तीन-चार निरनिराळे ड्रायव्हरसंच, म्हणजे कार्ड चालवणारी सॉफ्टवेअरे, लिनक्सच्या कर्नलमध्ये (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) घ्यायला तिथले मंडळ तयार होणे शक्यच नव्हते.

याचा सर्वाधिक त्रास मोठ्या गिऱ्हाइकांना होत होता. सँडिया, लॉरेन्स लिव्हरमोर, लॉस अलामोस या अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळा हजारो संगणक एका जाळ्यात जोडतात. पुढच्या खरेदीत दुसऱ्या कंपनीचे कार्ड घेतले म्हणून वर्षानुवर्षांचे प्रोग्राम पुन्हा लिहिणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांचा आग्रह आणि पाठबळ यांतून जून २००४ मध्ये ‘ओपनआयबी अलायन्स’ स्थापन झाली. मार्च २००५ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.११ या कर्नलमध्ये इन्फिनिबँडला प्रथमच जागा मिळाली. पुढच्याच वर्षी इथरनेट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जाळ्यावरून चालणारे ‘आयवॉर्प’ हे तंत्रही त्याच सॉफ्टवेअरमध्ये सामावून घेतले गेले, तेव्हा नावातील ‘आयबी’ अपुरे ठरले आणि संघटना ‘ओपनफॅब्रिक्स’ झाली.

आता स्वार्थाविषयी. या कंपन्या कार्डे आणि स्विच विकतात; ड्रायव्हर हा त्यांच्या दृष्टीने विक्रीचा माल नसून खर्चाचे कलम आहे. तो खर्च वाटून घेतला, शिवाय कार्ड लावताच लिनक्सने ते ओळखले, तर माल लवकर खपतो. परवानाही याच हिशेबाने दुहेरी ठेवला आहे. बदल खुले ठेवण्याची अट घालणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे ते सॉफ्टवेअर कर्नलमध्ये जाऊ शकते, तर तशी अट नसलेल्या बीएसडी परवान्यामुळे कंपनीला तेच इतर ऑपरेटिंग सिस्टिमवर नेता येते आणि आपल्या बंदिस्त उत्पादनातही वापरता येते. मानके ठरवणे हे मात्र या संघटनेचे काम नाही. इन्फिनिबँडचे मानक दुसरी संस्था सांभाळते. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी खरोखर बोलतात की नाही, याच्या चाचण्या न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत होत आल्या आहेत, आणि माझ्या मते संघटनेचे सर्वांत कमी गाजलेले पण सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

‘मुक्त’ या शब्दाने मात्र फार हुरळून जाऊ नये. सॉफ्टवेअर सर्वांचे झाले तरी इन्फिनिबँडचे हार्डवेअर हळूहळू मेलानॉक्स या एका कंपनीकडे एकवटत गेले आणि एप्रिल २०२० मध्ये ती कंपनी एनव्हिडियाच्या मालकीची झाली. प्रोग्राम दुसऱ्या कार्डावर नेण्याची मुभा आहे, पण ते दुसरे कार्ड बाजारात असायला हवे ना!

प्रश्न : जाळ्याचा वेग कार्डावर आणि केबलवर अवलंबून असतो, अशी माझी समजूत होती. मग त्यासाठी खास सॉफ्टवेअर कशाला हवे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली समजूत एक गिगाबिटपर्यंत चालून गेली असती. शंभर गिगाबिटच्या कार्डावर १,५०० बाइटचे एक पाकीट (मजकुराचा एक तुकडा) साधारण १२० नॅनोसेकंदांत येऊन पोहोचते. तेवढ्या अवधीत प्रोसेसरची मुख्य मेमरीपर्यंत जेमतेम एखादी खेप होते. नेहमीच्या पद्धतीत मात्र प्रत्येक पाकिटासाठी कर्नल मध्ये पडतो, मजकूर आधी आपल्या बफरमध्ये घेतो, तपासतो आणि मग तिथून प्रोग्रामच्या मेमरीत पुन्हा उतरवून देतो. वेगवान कार्ड आणि बेजार प्रोसेसर असा हा मामला होतो.

जुन्या पेढीचे उदाहरण घ्या. आलेले प्रत्येक पोते आधी पेढीवर उतरवायचे, मुनीमजींनी ते पाहायचे आणि मग हमालाने ते पुन्हा उचलून गोदामात न्यायचे, ही झाली नेहमीची पद्धत. आरडीएमए या, दुसऱ्या संगणकाच्या मेमरीत थेट मजकूर पोहोचवण्याच्या तंत्रात मुनीमजी सकाळी एकदाच गोदामातील एक खोली नेमून देतात आणि तिची किल्ली समोरच्या व्यापाऱ्याकडे पाठवतात. त्यानंतर त्याचे हमाल माल थेट त्या खोलीत उतरवतात आणि पेढीवर कोणी मानही वर करत नाही. किल्ली हा शब्द मी उपमेसाठी घेतलेला नाही. नोंदवलेल्या मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला कार्ड खरोखरच एक आकडा देते, त्याला ‘की’ असेच म्हणतात, आणि तो जुळला नाही तर समोरून आलेला मजकूर कार्ड दारातूनच परत लावते. पहिल्या प्रश्नातील क्रियापदे ती हीच : खोली नेमणे, किल्ली देणे, माल उतरल्याची पावती पाहणे. अशा जाळ्यात लहान निरोपाला लागणारा वेळ एक-दोन मायक्रोसेकंदांवर येतो.

प्रश्न : महाविद्यालयात दोन जुन्या सर्व्हरमध्ये इन्फिनिबँड कार्डे बसवली. दोन्हीकडे दिवे हिरवे आहेत, जोडणी ‘ॲक्टिव्ह’ दिसते. रूट (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून चालवला तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो. माझ्या खात्यातून चालवला की मेमरी नोंदवतानाच बंद पडतो. कार्ड खराब असेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : कार्डाला दोष देऊ नका. नोंदवलेली मेमरी कार्ड थेट वापरणार असल्यामुळे कर्नलला ती जागेवर खिळवून ठेवावी लागते, डिस्कवर हलवता येत नाही. एखाद्या खात्याने सगळीच मेमरी अशी अडवू नये म्हणून लिनक्सने त्यावर मर्यादा घातली आहे आणि जुन्या वितरणांत ती अवघी ६४ किलोबाइट असते. रूटला ती लागू होत नाही, म्हणून आपला प्रोग्राम तिथे चालला. ‘यूलिमिट’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह चालवून पाहा. उत्तर ६४ आले तर रोग सापडला. ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘मेमलॉक’ची मर्यादा वाढवावी आणि पुन्हा लॉगिन करावे. पुढे कधी स्लर्मसारख्या व्यवस्थेमार्फत काम रांगेत लावलेत, तर तिच्या सेवेची मर्यादाही स्वतंत्रपणे वाढवावी लागते. हे विसरल्यामुळे मी स्वतः एक अख्खा शनिवार केबली बदलण्यात घालवला आहे.

प्रश्न : आमच्या कार्यालयात इथरनेटचेच स्विच आहेत. त्यांवर आरडीएमए चालेल का?
— जाळे व्यवस्थापक, नागपूर

उत्तर : चालेल. ‘रॉकी’ हे तंत्र त्यासाठीच २०१० मध्ये आले आणि २०१४ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून ते राउटर ओलांडूनही जाते. वरचे सॉफ्टवेअर तेच राहते, कारण क्रियापदे तीच आहेत. अडचण खालच्या थरात आहे. इन्फिनिबँडमध्ये समोर जागा असल्याची खात्री झाल्याशिवाय पाकीट निघतच नाही, तर इथरनेट गर्दी झाली की पाकिटे खुशाल टाकून देते. ही टाकाटाक थांबवण्यासाठी प्रत्येक स्विचच्या प्रत्येक संबंधित पोर्टवर प्राधान्यानुसार प्रवाह रोखण्याची सोय चालू करावी लागते. त्यांतला एक पोर्ट जरी राहिला, तरी दोन सर्व्हरची चाचणी उत्तम पार पडते आणि वीस सर्व्हर एकदम बोलू लागले की वेग कोसळतो. म्हणून चाचणी नेहमी गर्दीतच घ्यावी.

प्रश्न : महाराष्ट्रात अशी जाळी कुठे आहेत? आणि आता ‘अल्ट्रा इथरनेट’ हे इथरनेटवर बेतलेले नवे मानक आल्यावर हे सारे जुने होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत चौथ्या स्थानी आलेला पुण्याचा ‘एका’ इन्फिनिबँडनेच जोडलेला होता, नोव्हेंबर २०२० च्या यादीत ६३ व्या स्थानी असलेल्या, पुण्यातील सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या ‘परम सिद्धी-एआय’चे जाळेही त्याच जातीचे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. मूळची क्रियापदे इन्फिनिबँडच्या कार्डावर बेतलेली होती. वेगळ्या घडणीचे हार्डवेअर आले की ती अंगाला बसेनात. म्हणून संघटनेने प्रोग्रामला नेमके काय हवे असते येथून सुरुवात करून ‘लिबफॅब्रिक’ हा नवा थर तयार केला आणि २०१५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती दिली. त्यात हार्डवेअरगणिक एक ‘प्रोव्हायडर’ असतो. कार्ड बदलले की तो बदलतो, प्रोग्राम तसाच राहतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमधील ‘ईएफए’ हे जाळे आणि ओक रिज येथील ‘फ्रंटियर’ महासंगणकाचे ‘स्लिंगशॉट’ हे जाळे, दोन्ही याच थरातून वापरली जातात. अल्ट्रा इथरनेटची संघटना जुलै २०२३ मध्ये जाहीर झाली आणि जून २०२५ मध्ये तिचे पहिले मानक आले. त्यात प्रोग्रामच्या बाजूसाठी नवे काही न रचता लिबफॅब्रिकच स्वीकारले आहे. तेव्हा ज्यांना हा विषय शिकायचा आहे त्यांनी कार्ड आतून कसे चालते हे कळण्यासाठी आधी क्रियापदांवर हात बसवावा, आणि प्रत्यक्ष प्रोग्राम मात्र लिबफॅब्रिकवर लिहावा.