सवय सुटली की शरीर बदललं?

वाचकांचे प्रश्न : या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये एकच शंका फिरून फिरून आहे. वय वाढतंय तसं आपण तब्येतीला जास्त जपतोय, की हळूहळू ढिले पडतोय? त्यातले काही प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : माझं वय ५६. तिशीत जागरणं, अवेळी जेवण, सिगारेट, सगळं होतं. आता यातलं काहीच नाही, म्हणून मी म्हणतो सवयी सुधारल्या. बायको म्हणते, ‘दिवसभर नुसते बसून असता, सुधारलं काय?’ कोणाचं खरं?

उत्तर : दोघांचंही. तुम्ही सोडलेल्या गोष्टी मोजताय आणि बायको करायच्या राहून गेलेल्या. वयाबरोबर सोडण्याच्या सवयी बऱ्याचदा आपोआप सुधारतात, कारण जागरण झेपेनासं होतं, उशिराचं जेवण पचत नाही आणि डॉक्टर दटावतात. करण्याच्या सवयींचं तसं नाही. व्यायाम आठवडाभर चुकला तरी कुठे दुखत नाही, त्यामुळे तो चुकतोय हे कळतच नाही. सिगारेट सोडलीत ही मात्र मोठी कमाई आहे, ती या वादात कमी लेखू नका.

वाद मिटवायचा तर वही घ्या. एका पानावर वर तारखा, डावीकडे सहा ओळी : अंथरुणात कधी शिरलो आणि कधी उठलो, श्वास वाढेल अशी हालचाल किती मिनिटं, ताकदीचा व्यायाम केला का, एका बैठकीत जास्तीत जास्त किती वेळ बसून होतो, रात्री दात घासले का, औषधं वेळेवर घेतली का. रकान्यात ‘बरं’, ‘ठीक’ असलं काही नको, आकडा किंवा हो-नाही. नोंद त्याच रात्री करायची. दुसऱ्या दिवशी भरायला बसलं की जे करायचं मनात होतं तेच केलं म्हणून लिहिलं जातं.

चौदा दिवस धरा, म्हणजे दोन शनिवार-रविवार येतात. घसरण बरेचदा तिथेच सापडते. आणि नोंद सुरू केल्यावर पहिले दोन-तीन दिवस माणूस फार शहाण्यासारखा वागतो. म्हणून प्रत्यक्षात सतरा दिवस लिहा आणि पहिल्या तीन दिवसांवर काट मारा. हालचालीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ताडून पाहा : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचाही. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम.

पुढची नोंद वर्षाने, त्याच महिन्यात करा. थंडीतली नोंद उन्हाळ्यातल्या नोंदीशी जुळवली तर फरक हवामानाचा निघेल आणि दोष तुमच्या माथी बसेल.

प्रश्न : मी ६४ वर्षांची आहे. वीस वर्षं रोज पाऊण तास चालते, पण अलीकडे खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो. चालणं कमी पडतंय का? तासभर चालू का?

उत्तर : नको, तासभर चालून हे सुटणार नाही. तुमची सवय जागच्या जागी आहे, शरीर तिच्या खालून सरकलं आहे. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर हा वेग वाढतो आणि ताकद तर स्नायूंहून लवकर जाते. सपाट रस्त्यावर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना फारसं ओझं पेलावं लागत नाही. खुर्चीतून उठताना जवळजवळ सगळं अंग तेच उचलतात. ज्याची मेहनत वीस वर्षांत झालीच नाही, ते आता कुरकुरतंय.

आधी मोजा. हात नसलेली, ताठ पाठीची, बैठक जमिनीपासून साधारण ४३ सेंटिमीटर उंच असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठकीच्या मध्यावर बसा, पाय जमिनीवर सपाट, हात छातीवर फुली करून खांद्यांवर. ३० सेकंदांत पूर्ण ताठ उभं राहून पुन्हा बसायचं, असं किती वेळा होतं ते दुसऱ्या कुणाला तरी मोजायला सांगा. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेल्या असाल तर तीही एक धरायची. हाताने रेटा दिला की आकडा शून्य. ६० ते ६४ वयात बाईला १२ आणि पुरुषाला १४ पेक्षा कमी जमलं, तर ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. ६५ ते ६९ मध्ये हेच आकडे ११ आणि १२.

व्यायामही तोच, फक्त सावकाश. बैठकीवर एक घट्ट उशी ठेवा, उंची वाढली की उठणं सोपं जातं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे ओढा. आधी कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांवर आलं की मग उठा. उठायला एक-दोन सेकंद, बसायला तीन-चार. असं ८ ते १० वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा तितकंच. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सलग दोन वेळा १२ सहज जमले की उशी पातळ करा, मग काढून टाका, मग दोन्ही हातांत एकेक लिटरची भरलेली बाटली धरा.

बिघडतं ते असं. बसताना माणूस शेवटच्या वितीत अंग सोडून धपकन आदळतो. स्नायूची खरी मेहनत सावकाश बसण्यातच आहे, ती वाया जाते. पाय पुढे राहिले तर उठताना झोका द्यावा लागतो. गुडघे आत वळतात. श्वास रोखला जातो आणि रक्तदाब उसळतो, म्हणून उठताना श्वास सोडायचा. आणि बहुतेकजण पहिल्या महिन्यातला आकडा वर्षभर तसाच ठेवतात. मग तुमच्या चालण्याचं झालं तेच याचंही होतं. दुसऱ्या दिवशी मांडी भरून आली तर चालेल. गुडघ्याच्या आत टोचलं, सूज आली तर थांबा आणि दाखवा. नुकतीच गुडघ्याची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर मोजणीही विचारूनच करा.

खाण्यातली प्रथिनंही पाहा. या वयात किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. ती तिन्ही जेवणांत वाटून घ्या. भूक मंदावली की आधी प्रथिनंच कमी होतात, कारण तेच पदार्थ लवकर पोट भरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा तुमच्यासाठी नाही, तो डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : वय ५८. घरी रक्तदाब बघतो. एकाच सकाळी १५०, १३८, १३१ असे तीन आकडे आले. मशीन बिघडलंय का?

उत्तर : बहुतेक मशीन ठीक आहे, घाई झाली असावी. पहिला आकडा अनेकांचा चढाच येतो. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसा, फोन बाजूला. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. हात टेबलावर ठेवून दंड हृदयाच्या पातळीला आणा. हात लोंबता राहिला की आकडा वाढतो. पट्टा तोकडा असला तरी वाढतो, म्हणून खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात बसतो का बघा. जाड दंडाच्या माणसांना नसलेला रक्तदाब या एका चुकीपायी चिकटतो.

एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या, सकाळी औषधाआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, औषध स्वतःहून वाढवू-घटवू नका. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची शक्ती जाणं असेल तर सरासरीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

उठताना गरगरत असेल तर बसून मोजल्यावर उभे राहा आणि एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तेही वहीत लिहून दाखवा. डोकं दुखलं की मशीन काढायचं, ही सवय नव्हे. त्या आकड्यात दुखणं आणि काळजी दोन्ही मिसळलेली असतात.

प्रश्न : वय ६६. दहाला झोपतो, चारला टक्क जाग येते. पूर्वी आठ तास झोपायचो. झोपेची सवय बिघडली?

उत्तर : वयाबरोबर शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, गाढ झोप कमी होते आणि मध्येच जाग येणं वाढतं. इतकं शरीराचं. सवयीची चूक यापुढे होते : झोप पुरत नाही म्हणून माणूस नऊलाच आडवा होतो. अंथरुणातला वेळ वाढतो, झोप तेवढीच राहते, फक्त जास्त तासांवर पातळ पसरते. त्यापेक्षा उठण्याची वेळ पक्की करा, झोपायला अकरा वाजवा आणि दोन आठवडे पाहा. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासाहून कमी. टीव्हीसमोर लागलेला डोळाही झोपेतच धरा. तिथली वीस मिनिटं पहाटेच्या खात्यातून वजा होतात. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पाचच्या कपातलं निम्मं दहाला अंगातच असतं.

दिवसा तरतरी असेल तर सहा-साडेसहा तासांनी घाबरून जाऊ नका. घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, दिवसा बसल्या बसल्या डोळे मिटत असतील किंवा लघवीसाठी रात्री वारंवार उठावं लागत असेल, तर ते तपासून घ्यायला हवं.

प्रश्न : दोन वेळा दात घासण्याची सवय लहानपणापासून आहे. साठीत अचानक हिरडीलगत किडायला लागले. असं का?

उत्तर : कारण घासायची जागाच बदलली. हिरड्या मागे सरकल्या की दातांची मुळं उघडी पडतात आणि मुळांवर इनॅमलचं कवच नसतं. त्यात रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे आम्ल धुऊन निघणं कमी. मऊ ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका, ४५ अंशांत धरा आणि लहान लहान हालचालींनी दोन मिनिटं पूर्ण करा. जोरात आडवं घासलं तर मुळापाशी खाच पडते. पेस्टमध्ये फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम असावं. घासून झाल्यावर फक्त थुंका, खळखळून चूळ भरली की फ्लोराइडही वाहून जातं. फटी वाढल्या असतील तर धाग्यापेक्षा फटींत घालायचा बारीक ब्रश कामाचा. बोटं आखडत असतील तर जाड मुठीचा किंवा विजेवरचा ब्रश घ्या. तोंड कोरडं पडतंय म्हणून औषध परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : वीस वर्षं वजन तेवढंच आहे, म्हणजे सवयी टिकल्या म्हणायच्या ना?

उत्तर : वजनकाट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. स्नायू दोन किलो गेला आणि चरबी दोन किलो आली तर काटा हलत नाही, पट्ट्याचं भोक मात्र बदलतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता घेर मोजा. तो उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. आणि प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी उतरलं, तर खूश न होता तपासणी करा.

प्रश्न : दहा हजार पावलं होत नाहीत, साडेसहा हजारांवर अडकते. वय ६८.

उत्तर : अडकू द्या. दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला, प्रयोगशाळेतून नाही. साठीपुढच्या माणसांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तर अकाली मृत्यूचा धोका कमी होण्याचा फायदा साधारण सहा ते आठ हजार पावलांपर्यंत वाढतो आणि मग स्थिरावतो. उरलेला वेळ वर सांगितलेल्या खुर्चीला द्या.

प्रश्न : आजारपणात तीन आठवडे व्यायाम सुटला. आता रोज उद्यावर जातं. वर्षभराची सवय अशी मोडते?

उत्तर : एखादा दिवस चुकल्याने मोडत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधला एखादा खाडा झाला तरी फारसा फरक पडला नाही. तीन आठवडे म्हणजे मात्र खाडा नाही. त्या काळात व्यायामाआधी जे घडायचं, ते उठणं, बूट घालणं, सगळंच बंद होतं, म्हणून आता रोज नव्याने ठरवावं लागतंय.

ताप जाऊन अंगात त्राण आल्यावर पूर्वीच्या निम्म्यावर सुरू करा : दोनऐवजी एक फेरी, अर्धा तासऐवजी पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त थकवा नसेल तर दर आठवड्याला थोडं वाढवा, असेल तर त्याच पायरीवर थांबा. छातीत धडधड किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर आधी दाखवा. वेळ घड्याळावर ठरवू नका, न चुकणाऱ्या एखाद्या कामाला बांधा, जसं की सकाळी दात घासून झाले की लगेच. बूट रात्रीच ब्रशच्या वाटेवर काढून ठेवा.