‘दैवी जादू’ म्हणू नका

प्रश्न : सोलापुरात आम्ही काही जण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा काल्पनिक जगातली पात्रं रंगवण्याचा खेळ मराठीतून खेळतो. आर्केन मॅजिकला (अभ्यासातून येणाऱ्या जादूला) ‘गूढ जादू’ आणि डिव्हाइनला (देवाकडून मिळणाऱ्या जादूला) ‘दैवी जादू’ म्हणतो. चालेल का? शिवाय क्लेरिक (देवाकडून मंत्र मिळणारा पुजारी) विझर्डला (पोथीतून मंत्र शिकणाऱ्या जादूगाराला) फार भारी पडतो, त्याचं काय करावं?

उत्तर : ‘दैवी जादू’ ऐकून ऐकून कान किटले. सिद्धेश्वराच्या देवळातल्या तीर्थाला कुणी जादू म्हणतं का? दुसऱ्याची ती जादू, आपला तो प्रसाद.

‘जादू फारसी, म्हणून इंद्रजाल म्हणा’ असं सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी एकदा ऋग्वेद उघडावा. फारसी ‘जादू’ आणि वैदिक ‘यातु’ एकाच कुळातले. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही ‘यातु’च आहे. सातव्या मंडलातल्या १०४ व्या सूक्तात आळ आलेला ऋषी शपथ घेतो : ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, म्हणजे मी यातुधान (जादूटोणा करणारा) असेन तर आजच मरेन. शब्द तेव्हापासूनच आरोपाचा! तो देवाच्या माथी कशाला मारता?

‘गूढ’ निम्मं बरोबर. आर्केनच्या मुळाशी लॅटिन ‘आर्का’, म्हणजे पेटी. पेटीत बंद ते आर्केन. विझर्डची पेटी म्हणजे त्याची पोथी. तेव्हा आर्केनला म्हणा ‘पोथीविद्या’ आणि डिव्हाइनला ‘प्रसाद’. क्लेरिकसाठी ‘सिद्धी’ सुचवणारे चुकतात. सिद्धी कमवावी लागते, प्रसाद पदरात पडतो. ‘सिद्ध’ हा शब्द दिवसाचे मंत्र निवडून ठेवण्याच्या सकाळच्या तयारीसाठी राखून ठेवा : स्वयंपाक सिद्ध, तसे मंत्र सिद्ध.

हां, क्लेरिकचं राहिलंच. २०१४ च्या नियमांत पात्र पाचव्या लेव्हलला पोचलं की दोघांचे स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) सारखेच : पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या लेव्हलच्या मंत्रांसाठी ४, ३, २. पण क्लेरिकला आपली अख्खी यादी रोज खुली, वर डोमेनचे (त्याच्या देवाच्या क्षेत्राचे) ६ मंत्र कायम सिद्ध. विझर्डच्या पोथीत आपोआप आलेले १४ च. बाकीचे उतरवून घ्यायचे : मंत्राच्या दर लेव्हलला २ तास आणि ५० सोन्याची नाणी. तिसऱ्या लेव्हलचा मंत्र म्हणजे ६ तास, १५० नाणी. डीएम (खेळ चालवणारा) घाईघाईत एका मोहिमेला दुसरी जोडतो, उतरवायला वेळ नाही. शॉर्ट रेस्टही (मधली छोटी विश्रांती) देत नाही, म्हणजे तेव्हा विझर्डला आर्केन रिकव्हरी या क्षमतेतून परत मिळणारे एकूण ३ लेव्हलांचे स्लॉटही बुडाले. क्लेरिकचे पंख छाटू नका. विझर्डला दोन मोहिमांमध्ये आठवडाभर मोकळा द्या, आणि लुटीत एखाद्या मेलेल्या विझर्डची पोथी ठेवा.