हॅकेथॉन घ्यायची, पण कशासाठी?

प्रश्न : आमच्या सहकारी दूध संघाला महाविद्यालयीन मुलांसाठी हॅकेथॉन (ठरावीक वेळेत गटागटानं सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा) घ्यायची आहे. बक्षीस किती ठेवावं? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : बक्षिसाचं नंतर बघू. आधी संचालक मंडळाला विचारा, शेवटी संघाच्या हाती काय यायला हवं? चालणारं सॉफ्टवेअर, नोकरीला घेण्याजोगी मुलं, की नुसत्या कल्पना? तिन्ही एकदम मागितलं की एकही धड मिळत नाही.

मला विचाराल तर संकलन केंद्रावरचा एकच प्रश्न घ्या. पहाटे रांगेत उभ्या उत्पादकाला फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर छापलेली पावती मिळते. पण कालच्यापेक्षा दर का उतरला, हे तिच्यावरून कळत नाही. ‘दुग्धव्यवसायात डिजिटल क्रांती’ असा विषय दिलात, तर मुलं चकचकीत ॲप दाखवून घरी जातील. त्यापेक्षा ‘दर का बदलला, ते साध्या फोनवर मराठीत दोन ओळींत सांगा’ असं मांडा. सोबत सहा महिन्यांच्या पावत्यांची माहिती द्या, उत्पादकांची नावं काढून. २०१७ साली सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मंत्रालयं आपापल्या अडचणी आधीच लिहून देतात. ही रीत मला फार पटते.

परीक्षकांत केंद्रचालक हवाच, आणि रोज दूध घालणाऱ्या एखाद्या ताईही. कोडचा हक्क कुणाचा, हे नोंदणी अर्जावरच छापा. बक्षीस जे काही ठरेल, त्यातलं निम्मं राखून ठेवा. विजेत्या गटानं दोन केंद्रांवर तीन महिने आपलं सॉफ्टवेअर चालवून दाखवलं, की द्या.