आडनाव नसलेली 1914 ची नोंद

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. मुलीच्या प्रवेशासाठी कुणबी दाखला हवाय. मिस्टरांच्या आजोबांच्या जन्माची 1914 ची मोडीतली नोंद सापडली. जात 'कुणबी' आहे, पण पणजोबांचं आडनाव नाही, बाळाचं नावही नाही. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 'मराठा'. एक एजंट पैसे घेऊन नोंदीत आडनाव घालून देतो म्हणतोय.

ताई, त्या एजंटाला आधी दारातूनच परत पाठवा. माझ्याकडे असंच एक घर आलं होतं. सगळी ओळ मोडीत, बोरूची. आडनाव तेवढं बाळबोधात, म्हणजे आजच्या देवनागरीत. जात पडताळणी समितीने मूळ रजिस्टर मागवलं आणि खरी नोंदसुद्धा संशयात गेली. पोरीचं वर्ष वाया गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खोट्या कागदावर दाखला काढला तर किमान 6 महिने ते 2 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मिळालेला प्रवेशही जातो.

आडनाव नाही म्हणून नोंद लंगडी ठरत नाही. तेव्हा 'राणू बिन ज्ञानू, मुलगा' असंच लिहायचे. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा; म्हणजे ज्ञानूच्या राणूला मुलगा झाला. मात्र हे राणू तुमचेच, हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने तुमच्यावर आहे. इथे जमीन कामाला येते. पणजोबा वारल्यावर झालेला वारस फेरफार काढा. त्यात मयताचं नाव, मुलांची नावं आणि सर्व्हे नंबर मिळतो. तोच नंबर धरून आजच्या सातबारापर्यंत या, वाटेत कुठेतरी आडनाव लागतंच. जमिनींच्या एकत्रीकरणात नंबर बदलला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा उतारा घ्या.

तहसीलला कागद मिळाला नाही तर हात टेकू नका. वाळवा 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता. मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे साताऱ्याच्या अभिलेख कक्षातही अर्ज टाका. तुमच्याकडे हेळवी, म्हणजे पिढ्यांची नोंद ठेवणारे, येत असतील तर त्यांच्या वहीतली वंशावळ उतरवून घ्या. ती सरकारी कागदाची जागा घेणार नाही, पण कुठला भाऊ कुठल्या गावी गेला हे त्यातून कळतं. भाऊबंदांपैकी कुणाला जात वैधता मिळाली असेल तर तिची प्रत नक्की जोडा.

'मराठा' नोंद लपवू नका. समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघतंच. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदांना जास्त वजन द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये आनंद यांच्या प्रकरणात सांगितलंय. शिवाय तुमची 1914 ची नोंद शाळेच्या नोंदीहून जुनी. शाळेतली जन्मतारीख जुळली नाही तरी घाबरू नका. 1 जून ही गुरुजींनी अंदाजाने घातलेली तारीख निम्म्या गावाची असते.

अर्ज प्रांताकडे करा. कुणबी इतर मागासवर्गात येतात आणि त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे लागतात. नाकारला तर 30 दिवसांत अपील. दाखला मिळाल्यावर पडताळणी समिती, आणि तिथे निकाल विरुद्ध गेला तर थेट उच्च न्यायालय. दिवाणी कोर्टात वेळ घालवू नका.

या आठवड्यात एकच काम करा. त्या नोंदीची प्रमाणित नक्कल काढा आणि मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या. फक्त ओळ नको, अख्खं पान मागा. वरखालच्या नोंदींत पणजोबांचे भाऊ निघण्याची बरीच शक्यता आहे.