मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस (डेटाबेसचा प्रोग्राम) चालू असताना कॉम्प्युटर बंद पडतो? आधी एवढं बघा

लगेच विंडोज फॉरमॅट करायला घेऊ नका. नवीन माणूस पहिली चूक तीच करतो.

आधी सांगा, फक्त अ‍ॅक्सेस बंद पडतं की अख्खं मशीन? साधा प्रोग्राम सहसा अख्खं विंडोज पाडत नाही. मशीनच रीस्टार्ट होत असेल तर डेटाबेस सोडा. रॅम, तापणं, पॉवर सप्लाय, ड्रायव्हर तपासा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणारं टूल) 'सिस्टम' लॉग उघडा. तिथे 'कर्नेल-पॉवर ४१' दिसलं की सगळे त्यालाच धरून बसतात. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं. कारण सापडलं तर त्याच्या आधीच्या नोंदींत. मी स्वतः महिनाभर एका क्वेरीला शिव्या घालत होतो, निघाली रॅमची सैल बसलेली पट्टी! 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' (विंडोजमधलीच रॅम तपासणी) एकदा चालवाच.

फक्त अ‍ॅक्सेस बंद पडत असेल तर:

- आधी फाइलची कॉपी, मगच 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' (फाइल लहान आणि दुरुस्त करणारी अ‍ॅक्सेसची कमांड). उलटं केलंत तर रडाल.
- फाइलचा आकार बघा. मर्यादा २ जीबी आहे, आणि रेकॉर्ड डिलीट केले म्हणून फाइल आपोआप लहान होत नाही.
- फाइल वायफायवरून शेअर केलेली असेल तर तीच कॉपी आपल्या डिस्कवर चालवून बघा.

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. डीकंपाइल (फाइलमधला कंपाइल झालेला कोड काढून टाकणं) वगैरे आत्ता नको. बंद पडल्याची वेळ आणि त्याआधीच्या दोन-तीन नोंदी इथे टाका, मग पुढचं बघू.