कोरड्या दिवसांचा हिशेब

बाळ,

तुझी मेल रात्री दोनला आलेली दिसली, मी पहाटे वाचली. अपंगत्वाच्या सरकारी भत्त्याचा फॉर्म भरायचा म्हणून तुझ्या बायपोलर या मनाच्या आजाराचं, नोकरी सुटल्याचं, लिथियम हे त्यावरचं औषध बदलल्याचं तू नीट सविस्तर लिहिलं आहेस. दारूचा उल्लेख एकदाच आहे, अगदी शेवटी, तोही असा: 'मावशी, मी घेते ते फॉर्ममध्ये लिहू की नको?'

आपल्याकडे माणूस दारू पीत नाही, 'घेतो'. मी हा शब्द अकरा वर्षं वापरला. म्हणून तुझा प्रश्न वाचल्यावर चहा तसाच राहिला आणि आधी हे लिहायला बसले.

लिही. सगळं लिही. 'पिते' असं लिही.

का, ते सांगायचं तर मला तुझ्या काकांबद्दल सांगावं लागेल. ते आजारी होते एवढंच तुला माहीत आहे. २०११ मध्ये त्यांनी सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटीचा, म्हणजे आजारामुळे काम करता न येणाऱ्याला इथे अमेरिकेत सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याचा, अर्ज केला. दोन्ही पावलं बधिर झाली होती. गुडघ्याखाली काही जाणवायचं नाही, जिना उतरताना कठडा सोडता यायचा नाही. नसांचा हा आजार, न्यूरोपथी, दारूनेच झाला होता. घरच्या माणसाने भरायचा एक वेगळा फॉर्म असतो, अर्जदाराचा दिवस कसा जातो ते सांगणारा. तो मी भरला. त्यात लिहिलं: समारंभापुरती घेतात. मी तेव्हा इथल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते. रक्ततपासणीतला यकृताचा एएसटी हा आकडा एएलटी या दुसऱ्या आकड्याच्या दुपटीवर गेला की बहुतेक वेळा दारू समजायची, हे मी रोज बघत होते. घरच्या रिपोर्टवरही तेच दिसत होतं. आणि त्याच हाताने मी ते वाक्य लिहिलं.

अर्जाच्या हिअरिंगला, म्हणजे सुनावणीला, जजसमोर दोन कागद होते. एक माझा. दुसरा इमर्जन्सीतल्या डॉक्टरची नोंद: रोज पाऊण बाटली व्होडका, पत्नीकडून समजले. म्हणजे डॉक्टरला खरं मीच सांगितलं होतं, रात्री, घाबरून. जजनी आवाज चढवला नाही. त्यांनी मला फक्त विचारलं की यातलं कोणतं वाक्य धरायचं. त्यानंतर काकांच्या पावलांबद्दल आम्ही जे जे सांगितलं, आणि ते अक्षरशः खरं होतं, त्यालाही वजन उरलं नाही. अर्ज नाकारला गेला. अपील पडून होतं तेव्हा ते गेले.

मला सगळ्यात जास्त काय लागलं, तर कायदा नंतर समजून घेतल्यावर कळलं की दारूचं खरं लिहिलं असतं तर ते वाक्य आमच्या विरुद्ध गेलंच नसतं. मेलेल्या नसा दारू सोडून परत येत नाहीत. दारूमुळे झालेलं असलं तरी जे कायमचं झालं आहे ते अपंगत्वच धरलं जातं. दारूने झालं, हा मुद्दा तिथे उपस्थितच होत नाही. आम्ही जी गोष्ट लपवली ती लपवण्यासारखी नव्हती.

आता तुझं.

तुला मैत्रिणींनी सांगितलं आहे की 'दारुड्यांना मिळत नाही'. हे अर्धं खरं आहे आणि त्याचा उगम १९९६ मध्ये आहे. त्याआधी नुसत्या मद्यासक्तीवरही हे बेनिफिट मिळायचं. मार्च १९९६ मध्ये काँग्रेसने कायदा बदलला आणि ज्यांना आधीपासून त्या कारणावर मिळत होतं त्यांचंही १ जानेवारी १९९७ पासून बंद झालं. तेव्हापासून प्रश्न वेगळा विचारतात. आधी तुझे सगळे आजार, दारू धरून, एकत्र बघतात आणि काम करता येतं का ते ठरवतात. येत नाही असं ठरलं तरच पुढचा प्रश्न येतो: हिने आज दारू सोडली, तर जे उरेल तेवढ्यावर ती काम करू शकेल का? करू शकेल, तर नकार. तरीही करू शकणार नाही, तर मंजुरी, आणि तू तेव्हा पीत असलीस तरी मंजुरी. मटेरियल, नॉट मटेरियल असे शब्द वकिलाच्या तोंडून ऐकशील, ते हेच.

२०१३ मध्ये सोशल सिक्युरिटीने यावर सविस्तर रूलिंग काढलं. ते मी इतक्यांदा वाचलंय की पानं सुटली आहेत. त्यातली एक गोष्ट तुझ्यासाठी मोलाची आहे. मानसिक आजार आणि दारू दोन्ही एकत्र असतील, तर दारू थांबल्यावर मानसिक आजार काम करण्याइतका सुधारेल हे पुराव्यातून दिसायला हवं. नुसत्या अंदाजावर तसं धरून चालत नाहीत. सगळी कागदपत्रं जमा करूनही ते दिसत नसेल, तर दारूमुळे नकार देता येत नाही. अर्थात तू काम करू शकत नाहीस हे दाखवायची जबाबदारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुझीच असते.

म्हणूनच तू मेलमध्ये ओझरतं लिहिलेलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. रिहॅबमधून बाहेर पडल्यावर सोबर हाउसमध्ये, म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकत्र राहायच्या घरात, चार महिने तू थेंबही घेतला नाहीस, आणि तरी तिसऱ्या महिन्यात नऊ रात्री झोप नव्हती, क्रेडिट कार्ड रिकामं केलंस, मग पंधरा दिवस अंथरुणातून उठली नाहीस. तू हे अपयश म्हणून लिहिलं आहेस. अगं, तुझ्या फाइलमधला सगळ्यात भक्कम भाग तो आहे! दारू नव्हती आणि आजार होता. तो काळ तारखांसकट त्यांच्यासमोर ठेवायचा, तर दारूचं आधी सांगावंच लागेल. दारू लपवलीस तर ते चार महिनेही लपले.

तर बसून कोरड्या दिवसांचा हिशेब कर. कॅलेंडर घे. कधीपासून कधीपर्यंत प्यायली नाहीस, तेव्हा कोण डॉक्टर होते, औषध कोणतं चालू होतं, झोप, भूक, आंघोळ, बिलं भरणं, फोन उचलणं यांचं काय झालं. हॉस्पिटलच्या वॉर्डमधले दहा दिवस त्यात धर, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवू नकोस. तिथे वेळेवर औषध आणि चोवीस तास लक्ष असतं, त्यामुळे बरं वाटलं तर ते दारू थांबल्यामुळे की उपचारामुळे हे वेगळं काढणं कठीण, हे त्यांनाही मान्य आहे. बाहेरच्या जगातले कोरडे महिने जास्त बोलतात. सोबर हाउसच्या मॅनेजरने, किंवा एएतल्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमधल्या) तुझ्या स्पॉन्सरने, म्हणजे दारू सोडायला साथ देणाऱ्या सोबत्याने, तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं ते पत्रात लिहून दिलं तर तेही वाचलं जातं. पण निदान डॉक्टरांच्याच कागदातून यावं लागतं. याची दुसरी बाजूही लक्षात ठेव: 'मी अल्कोहोलिक आहे' असं तू स्वतः लिहिलंस म्हणून तेवढ्यावर मद्यासक्तीचं निदान सिद्ध होत नाही. त्यालाही वैद्यकीय पुरावा लागतो. खरं लिहिलं की लगेच शिक्का बसेल, ही तुझी भीती त्यामुळे तरी थोडी कमी होऊ दे.

लिहिताना आकडे दे. 'कधीकधी', 'सोशली', 'पूर्वी' हे शब्द नकोत. आठवड्यातून किती दिवस, साधारण किती, कधीपासून. आठवत नसेल तर 'नक्की आठवत नाही, अंदाजे' असं लिही, तारीख बनवू नकोस. कमी करून लिहू नकोस, आणि दया यावी म्हणून वाढवूनही लिहू नकोस. काही वेळा सोशल सिक्युरिटीवाले दारूविषयी वेगळी प्रश्नावली पाठवतात. काही वेळा ते स्वतःच्या खर्चाने एका डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. सगळीकडे एकच उत्तर गेलं पाहिजे, आणि ते तुझ्या सायकायट्रिस्टच्या नोंदींशी जुळलं पाहिजे. तू अर्जाबरोबर एक संमतीपत्र सही करतेस, ८२७ नंबरचं. त्यावर सगळ्या हॉस्पिटलांकडून, देखरेखीखाली दारू सोडवणाऱ्या डिटॉक्सकडून, रिहॅबकडून कागद मागवले जातात. ते कागद तुझ्याआधी बोलून मोकळे झालेले असतात. जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सांगायला हवं म्हणून सांगते. पण तुरुंगापेक्षा जास्त वेळा माणसाचं नुकसान माझ्यासारखं होतं: खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

सायकायट्रिस्टना सगळं सांगितलं आहेस का? मला शंका आहे. पुढच्या भेटीत सांग, परवा पुन्हा प्यायलीस त्या स्लिपसकट. आणि त्यांना स्पष्ट विचार: 'मी प्यायचं थांबवलं तर माझ्यात काय उरेल, असं तुम्हाला वाटतं?' त्यांचं उत्तर, कारणांसकट, फाइलमध्ये असलं पाहिजे. नुसतं 'पेशंट डिसेबल्ड आहे' या पत्राचा फारसा उपयोग होत नाही.

आता तुझ्या दोन भीती. पहिली, साताऱ्याला आईला कळेल. फाइल तिला जात नाही, कुणा नातेवाइकाला जात नाही, जुन्या कंपनीला जात नाही. व्यसनमुक्तीच्या उपचारांच्या नोंदींना इथे वेगळा, जास्त कडक गोपनीयतेचा कायदा आहे. तुझ्या त्या सहीमुळे त्या सोशल सिक्युरिटीला दिल्या जातात, गावाला नाही. आईला केव्हा सांगायचं ते तू ठरव. सांगशील तेव्हा पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव तिला सांग, तिथे घरच्यांशीही बोलतात. अवचट दांपत्याने ते १९८६ मध्ये सुरू केलं, आणि व्यसन हा आजार आहे हे मराठी घरांत ज्यांनी पोचवलं त्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. तिला ते मराठीत, आपल्या माणसांकडून ऐकायला मिळेल. तुझ्या फोनवरून ते तिला तितकं पटणार नाही.

दुसरी भीती नागरिकत्वाची, आणि ही मी उडवून लावणार नाही. सिटिझनशिपच्या कायद्यात चांगल्या चारित्र्याची अट आहे आणि त्यात सवयीच्या दारुड्याचा उल्लेख खरंच आहे. तुझं ग्रीन कार्ड आहे, अर्ज तू पुढच्या वर्षी करणार आहेस. तर त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एक तास बोल, डिसॅबिलिटीच्या वकिलाशी नाही, तो वेगळा विषय आहे. ट्रीटमेंट सुरू असल्याचे कागद त्यांना दाखव. पण एका सरकारी फॉर्मवर खोटं लिहून दुसरा सरकारी फॉर्म सुरक्षित होईल असं समजू नकोस.

पुढे ढकलू नकोस, हेही सांगते. तू सात वर्षं नोकरी केलीस म्हणून तुला या भत्त्याचं विमाकवच आहे. काम थांबल्यावर ते साधारण पाच वर्षं टिकतं, मग संपतं. तुझी दीड वर्षं गेली. आणि पहिल्यांदा नकार आला तर कोसळू नकोस, तो बहुतेकांना येतो. नोटीस मिळाल्यापासून साठ दिवसांत अपील करायचं, तेवढी तारीख फ्रिजवर लाव. वकील जिंकल्यावरच पैसे घेतात, मागच्या महिन्यांच्या मिळणाऱ्या थकबाकीच्या पंचवीस टक्के, आणि त्यालाही वरची मर्यादा आहे. मंजूर झालं तर तुझ्या वतीने पैसे सांभाळायला कुणीतरी नेमतील अशीही शक्यता आहे. त्याचा अपमान वाटून घेऊ नकोस. तुझ्या मनात कोण आहे ते आधीच ठरवून ठेव. मी चालणार असेन तर मी आहे.

एक गोष्ट मात्र ऐकच. हे सगळं वाचून 'आजपासून बंद' असं एकटीने, घरात बसून ठरवू नकोस. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना सांगून, डिटॉक्समध्ये जाऊन सोड. आणि मनात मरणाचे विचार आले, जसे गेल्या मार्चमध्ये आले होते, तर ९८८ या हेल्पलाइनला फोन कर. कितीही वाजले असले तरी.

रविवारी दुपारी ये. फॉर्म कोरा आण, आधी काही भरू नकोस. रिहॅबचे डिस्चार्जचे कागद, औषधांच्या बाटल्या आणि ते कॅलेंडर आण. वरणभात करून ठेवते. जेवून बसू. त्या दिवशी प्यायलेली असलीस तर गाडी चालवू नकोस, मला फोन कर, मी न्यायला येते.

तुझी,
मावशी