11 नंबरची जर्सी अंगात घालण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इंग्लंडात पोर्ट्समथला बर्नाबी रोडवर नौदलाच्या रग्बी संघातून विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळतोस, आता एका व्यावसायिक क्लबाने चाचणीला बोलावलंय आणि जहाजावरची नोकरी सोडावी का, असं विचारतोस. नोकरीचं शेवटी सांगतो. आधी पायांचं, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

तीन-चार महिने समुद्रावर काढून आलेल्या खेळाडूचा दम शाबूत असतो. सायकल, रोइंग मशीन, दंडबैठका चालूच असतात. मोडते ती पूर्ण वेगाने पळायची सवय. जहाजावर 40 मीटर मोकळं पळायला जागा कुठली? आणि मांडीच्या मागच्या स्नायूला, हॅमस्ट्रिंगला, ताणलेल्या अवस्थेत झटका सोसण्याची ताकद टिकते ती वेगाने पळूनच. म्हणून बंदरात उतरल्यावर पहिल्याच सरावात जीव खाऊन पळालास, तर तो फाटायची भीती सगळ्यात जास्त. पहिल्या आठवड्यात 40 मीटरच्या सहा धावा, वेग 70 टक्के. दुसऱ्यात 80, तिसऱ्यात 90. पूर्ण वेग चौथ्या आठवड्यात, तोही आठवड्यातून दोनदा आणि मध्ये किमान 48 तास सोडून. दोन धावांमध्ये दोन-तीन मिनिटं थांब. धापा टाकत पळालेली धाव वेगाची राहत नाही.

जहाजावर असताना नॉर्डिक हा हॅमस्ट्रिंगचा व्यायाम सोडू नकोस. गुडघे टेकायचे, साथीदाराने घोटे घट्ट दाबून धरायचे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग सरळ ठेवून होईल तितकं सावकाश पुढे झुकायचं. कंबरेतून वाकलास की हॅमस्ट्रिंगवरचा ताण कमी होतो आणि व्यायाम फुकट. सुरुवात आठवड्यातून एकदाच, पाचाचे दोन संच. पाचव्या आठवड्यापासून आठवड्यातून तीनदा 12, 10 आणि 8 असे तीन. जहाज जोरात हलत असेल त्या दिवशी राहू दे.

आता मैदानाबद्दल. वेग बघून क्लब बोलावतो, पण ठेवून घेतो तो चेंडू नसताना तू कुठे उभा असतोस ते बघून. 2021 पासून 50:22 चा नियम आहे: समोरच्याने त्याच्या अर्ध्या मैदानातून मारलेली किक मैदानात टप्पा खाऊन तुमच्या गोलरेषेजवळच्या 22 मीटरच्या पट्ट्यात टचलाइनबाहेर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेघेबाहेर गेली, तर लाइनआउटचा, म्हणजे कडेवरून आत फेकायचा, चेंडू त्यांनाच मिळतो. त्यामुळे ते त्यांच्या अर्ध्यात असताना दोन्ही विंगरांना बचावाच्या रांगेत उभं राहणं परवडत नाही. घड्याळाच्या लंबकासारखं हलायचं. चेंडू डावीकडे निघाला की डावा विंगर रांगेत, फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागचा गडी, त्याच्या मागे डावीकडे, उजवा विंगर मागे मधल्या बाजूला. हे सगळ्यांना पाठ असतं. चुकतं ते निघायच्या वेळेत. त्यांच्या 10 नंबरकडे, म्हणजे किक की पास हे ठरवणाऱ्या गड्याकडे, जाणारा पास हवेत असतानाच विंगर वर धावतो, तो 10 नंबर मान वर करतो आणि चेंडू विंगरच्या मागे टाकतो. म्हणून त्या 10 नंबरकडे बघ. तो खोल, जागेवर थांबून चेंडू घेत असेल तर किक येणार असं धर. पळत, रांगेच्या अंगावर येत घेत असेल तर पास. त्याने पास सोडला की मगच नीघ.

दुसरी चूक आत, म्हणजे मैदानाच्या मधल्या बाजूला, घुसण्याची. तुझ्या आतल्या बाजूचा गडी, सेंटर, एकटा पडलेला दिसतो, मदत करावीशी वाटते, तू आत जातोस आणि बाहेरचा गडी मोकळा सुटतो. चेंडू आणि चेंडूवाला दोन्ही एकाच वेळी हाताला लागणार असतील तरच जा. नाहीतर पाठ टचलाइनकडे ठेवून मागे सरकत वेळ काढ, त्याला कडेला रेट. टचलाइन कधी टॅकल चुकवत नाही.

उंच चेंडूबाबत एकच: उशीर झाला असेल तर उडी मारू नकोस. हवेतल्या गड्याला तू धडकलास आणि तो पाठीवर पडला तर पिवळं कार्ड. डोक्यावर, मानेवर किंवा खांद्यावर पडला तर लाल.

कोपऱ्यात ट्राय करताना, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवताना, तो बाहेरच्या हातात धर, कारण टॅकल आतून येतं. झेंड्याच्या खांबाला अंग लागलं तरी चालतं, चेंडू खांबाला टेकवायचा नाही. अंग टचलाइनबाहेर हवेत असलं तरी चालतं. जमिनीला आधी चेंडू लागला पाहिजे.

आता नोकरी. रोरी अंडरवूड हवाई दलात वैमानिक राहून इंग्लंडसाठी 85 सामने खेळला, 49 ट्राय केल्या. पण त्याची बहुतेक कारकीर्द 1995 पूर्वीच्या हौशी रग्बीतली. तुझ्या काळातली उदाहरणं म्हणजे सेमेसा रोकोडुगुनी, लष्करात असतानाच बाथकडून आणि 2014 मध्ये इंग्लंडकडून विंगवर खेळलेला; आणि फिजीचा हूकर, म्हणजे पुढच्या फळीतला, सॅम माटावेसी, नौदलात राहून नॉर्थॅम्प्टनकडून खेळलेला. खेळासाठी सवलत मागता येते, म्हणून राजीनाम्याआधी ती माग. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे इथे अक्षरशः खरं आहे: 2022-23 च्या एकाच मोसमात इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीतले वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश असे तीन क्लब बुडाले आणि करार असलेले खेळाडू रस्त्यावर आले. सेवा सोडायची नोटीस सहसा 12 महिन्यांची असते, त्यामुळे क्लबाने सांगितलेल्या तारखेशी ती आधी जुळवून बघ.

करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: दुखापतीत पगार किती महिने चालू राहील, किती काळ बाहेर राहिल्यावर क्लब करार मोडू शकतो, आणि ट्विकनमच्या लष्कर-नौदल सामन्याला तुला सोडतील का. खेळाडूंच्या संघटनेच्या वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नकोस. पहिला करार हातात आला की आनंदात कोणी मागचं पान उलटत नाही, आणि दुखापतीचं कलम नेमकं तिथे असतं.

चाचणीला जाताना स्क्रूच्या स्टडच्या, म्हणजे तळाला खुंट्या असलेल्या, बुटांबरोबर मोल्डेड, म्हणजे तळाबरोबरच साच्यात घडवलेल्या, स्टडचे बूटही ने. मैदान कृत्रिम गवताचं निघालं तर लांब स्टड रुततो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा वळतो. आदल्या दिवशी फोन करून विचार.